'दाऊ' म्हणजे 'आपण' नव्हे, 'तू'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या एकांकिकेसाठी 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातला आई-मुलाच्या भांडणाचा प्रवेश तुम्ही मराठीत करताय. मूळ संवादांत जागोजागी 'दाऊ', 'दी', 'दाय' येतं. हे शब्द जुने आहेत आणि ख्रिस्ती प्रार्थनांमध्ये देवाला उद्देशून येतात, म्हणजे ते आदरार्थीच असणार, असं धरून तुम्ही सगळीकडे 'आपण' घातलंत. आता तालमीत आई आणि मुलगा एकमेकांना सरकारी पत्र वाचून दाखवताहेत असं वाटतंय. म्हणून तुम्ही विचारताय की 'दाऊ'चा खरा अर्थ काय, तो कोण कुणाला म्हणायचं, आणि हा शब्द आला कुठून.

'दाऊ' म्हणजे तू. साधा, एकेरी तू. आणि 'यू' म्हणजे तुम्ही. मी गेली तीसेक वर्षं शेक्सपिअर शिकवते, थोडंफार मराठीत आणलंही आहे, आणि दर वर्षी वर्गातली चांगली वाचणारी मुलंसुद्धा हा अर्थ उलटा धरून बसलेली असतात. त्यात त्यांचा दोष नाही. हा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला आणि फक्त चर्चमध्ये नि कवितेत उरला, त्यामुळे त्याला देव्हाऱ्यातल्या धुपाचा वास लागला. पण मराठी माणसाचं भाग्य असं की हा शब्द कळायला लागणारं सगळं भांडवल त्याच्या जिभेवर आहे. आज लंडनमध्ये वाढलेल्या मुलाला 'दाऊ' आणि 'यू'मधला फरक पुस्तकातून शिकवावा लागतो. तुम्हाला तो घरातल्या बोलण्यातून माहीत आहे, नुसती आठवण करून द्यायची.

आधी रूपं बघू, कारण संहिता वाचताना तीच अडतात. तू म्हणजे दाऊ, तुला म्हणजे दी, तुझा म्हणजे दाय. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल, किंवा 'हे तुझं' असं नुसतंच म्हणायचं असेल, तर दायच्या जागी दाइन. 'दाय हँड' पण 'दाइन आय'. अनेकवचनात कर्ता असेल तर यी, कर्म असेल तर यू, आणि तुमचा म्हणजे युअर. पुढे या 'यू'नं 'यी'ला गिळलं. शेक्सपिअरच्या काळातच दोन्हींची सरमिसळ चालू झालेली दिसते. उच्चाराचं एक सांगते, कारण तालमीत मूळ ओळी मोठ्यानं वाचल्या जातात: हा 'द' 'दॅट'मधला आहे. 'थाऊ' म्हटलंत तर तो हजारासाठीचा बोली शब्द होतो आणि 'थाय' म्हटलंत तर मांडी होते.

'दाऊ'बरोबर क्रियापदही बदलतं. 'यू आर' पण 'दाऊ आर्ट', 'यू हॅव' पण 'दाऊ हॅस्ट', 'यू विल' पण 'दाऊ विल्ट', 'यू गो' पण 'दाऊ गोएस्ट'. शेवटचा 'स्ट' ऐका. आता मराठी ऐका: तू जातोस, तू करतोस, तू आलास, तू म्हणालीस. तुम्ही म्हटलं की हा 'स' गळतो, इंग्रजीत 'यू' म्हटलं की 'स्ट' गळतो. हा योगायोग नाही. संस्कृतातल्या 'गच्छसि'च्या शेवटी जो 'सि' आहे, त्याचं आणि या दोघांचं घराणं एक आहे. जुन्या इंग्रजीत मुळात नुसता 'स'च होता, तो 'थू' या सर्वनामाला इतका चिकटून बोलला जायचा की 'थू'मधला व्यंजनाचा तुकडा क्रियापदाला लागून राहिला आणि 'स'चा 'स्ट' झाला. हे मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा दर वेळी एखादं तरी पोर पुटपुटून बघतं, जातोस, गोएस्ट, जातोस, गोएस्ट, आणि मला तो क्षण फार आवडतो.

सर्वनाम तर सख्खंच आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'थू' असा होता. संस्कृत त्वम्, लॅटिन तू, लिथुएनियन तू, आयरिश तू, रशियन ती, जर्मन दू, आपला तू, ही सगळी एकाच इंडो-युरोपीय घरातली भावंडं. इंग्रजीत 'त'चा 'थ' का झाला, तर जर्मानिक भाषांमध्ये सगळीकडेच मूळ 'त'चा 'थ' झाला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबनं १८२२ मध्ये या बदलाचा नियम नीट मांडला. त्रि आणि थ्री, तृषा आणि थर्स्ट, तनु आणि थिन, तृण आणि थॉर्न शेजारी ठेवून बघा, मग 'तू' आणि 'थू' वेगळे वाटणारच नाहीत.

'थू'चा 'दाऊ' होण्यात दोन गोष्टी घडल्या. वाक्यात सतत येणाऱ्या, जोर न दिल्या जाणाऱ्या बारक्या शब्दांमध्ये सुरुवातीचा 'थ' मऊ होऊन 'द'कडे झुकला. 'दॅट', 'दिस', 'देन' यांचंही तेच झालं. आणि पंधराव्या शतकापासून इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले तेव्हा 'ऊ'चा 'आउ' झाला. घराला 'हूस' म्हणायचे ते 'हाउस' झालं, उंदराला 'मूस' म्हणायचे ते 'माउस' झालं (आपल्या मूषकाची आठवण ठेवा), आणि 'थू'चा 'दाऊ'.

जुन्या इंग्रजीत आणखी एक गंमत होती, द्विवचन. 'तुम्ही दोघं' यासाठी 'यित' असा वेगळा शब्द होता, संस्कृतात 'युवाम्' आहे तसा. तो तेराव्या शतकाच्या आसपास संपला. मराठीकडेही द्विवचन नाही, त्यामुळे त्याची हळहळ वाटण्याचं कारण नाही.

आता मुद्द्याचा भाग. सुरुवातीला 'थू' आणि 'यी' यांत आदर-अनादराचा काही संबंध नव्हता. एक माणूस असेल तर थू, जास्त असतील तर यी, मग तो एक माणूस राजा का असेना. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, दरबारात नि न्यायालयात फ्रेंच आली, आणि फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'व्हू', म्हणजे तुम्ही, म्हणायची रीत होती. आपण ज्याला आदरार्थी बहुवचन म्हणतो तेच. तेराव्या शतकापासून ही रीत इंग्रजीत उतरायला लागली. हळूहळू वरच्याला, अनोळख्याला, बरोबरीच्या प्रतिष्ठित माणसाला 'यू'. खालच्याला, लहानाला, जिवलगाला 'दाऊ'. नोकर मालकाला 'यू' म्हणणार, मालक नोकराला 'दाऊ'. वडील मुलाला 'दाऊ', मुलगा वडिलांना 'यू'. प्रेमात पडलेली माणसं 'यू'वरून 'दाऊ'वर येणार. आणि भांडण पेटलं की तेच 'दाऊ' थोबाडीत मारल्यासारखं येणार. आपण म्हणतो ना, "तो एकेरीवर आला", अगदी ते.

'अरे-तुरे करणे' यासाठी इंग्रजीत एका शब्दाचं क्रियापद होतं, आणि ते क्रियापद 'दाऊ' हेच. सर वॉल्टर रॅले यांचा खटला बघा. राणी एलिझाबेथच्या काळात मोठ्या मानानं राहिलेला हा सरदार. राणी गेल्यावर, नोव्हेंबर १६०३ मध्ये, नव्या राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली त्याला विंचेस्टरमध्ये उभं केलं. लंडनमध्ये प्लेग होता म्हणून खटला तिथे चालला. सरकारची बाजू मांडणारा एडवर्ड कोक बोलता बोलता भडकला आणि म्हणाला, "आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!" मी हे मराठीत असं आणीन: "होय, तुला अरे-तुरेच करतोय मी, देशद्रोह्या!" 'दाऊ' हा शब्द एकदा क्रियापद म्हणून, लगेच पुन्हा शिवी म्हणून. उमरावाला भर न्यायालयात 'दाऊ' म्हणणं हीच तिथली शिक्षेची सुरुवात होती. ज्यांना हा शब्द आदराचा वाटतो त्यांनी हे एक वाक्य पाठ करावं.

त्याच सुमाराच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकात सर टोबी आपल्या भित्र्या मित्राला द्वंद्वाचं आव्हानपत्र लिहायला शिकवतो तेव्हा सल्ला देतो की समोरच्याला तीनदा 'दाऊ' केलंस तर काही बिघडत नाही. प्रेक्षक हसायचे, कारण एकदा केलं तरी तलवारी निघतील हे त्यांना ठाऊक होतं.

मग देवाला 'दाऊ' कसं? तुमचा सगळा गोंधळ इथून सुरू झाला. पण तुम्ही विठ्ठलाला काय म्हणता? "तू माउलीहून मयाळ, चंद्राहूनि शीतळ", तुकोबांनी तूच म्हटलंय. कुठल्याही वारकऱ्यानं पांडुरंगाला 'आपण' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. देव जवळचा, आईसारखा, म्हणून तो एकेरीत. आईला आपण 'अगं' म्हणतो आणि बाबांना बऱ्याच घरांत 'अहो', यात आईबद्दलचा आदर कमी असतो का? ख्रिस्ती प्रार्थनेतलं "हॅलोड बी दाय नेम" मराठी बायबलात "तुझे नाव पवित्र मानले जावो" असं आहे, आणि ते अगदी बरोबर आहे.

बायबलाच्या बाबतीत एक आणखी बारीक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १६११ मध्ये राजा जेम्सच्या काळात निघालेल्या प्रसिद्ध भाषांतरात 'दाऊ' आणि 'यी' आदर दाखवायला नाहीतच. हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांत आदराचा भेद नाही, एकवचन-अनेकवचनाचा आहे, तो भाषांतरकारांनी काटेकोर पाळला. म्हणून नाथान संदेष्टा दावीद राजाच्या तोंडावर त्याचं पाप उघड करताना "दाऊ आर्ट द मॅन" म्हणतो, तो माणूस तूच आहेस. राजा आहे म्हणून तुम्ही नाही. आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो की सैतानानं 'यू' मागून घेतलंय, गव्हासारखं 'यू' चाळायला, पण मी 'दी'साठी प्रार्थना केली आहे. म्हणजे सैतान तुम्हा सगळ्या शिष्यांना चाळणार आहे, पण मी तुझ्यासाठी, एकट्या पेत्रासाठी, मागितलंय. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे 'यू' आहे आणि ही दरी दिसतच नाही, तळटीप द्यावी लागते. मराठीत 'तुम्हांला' आणि 'तुझ्यासाठी' एवढ्यानं काम होतं.

पुढे बायबलाच्या नव्या भाषांतरांनीच हा शब्द उंच चबुतऱ्यावर नेऊन ठेवला. अमेरिकेत १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित आवृत्तीत माणसांना सगळीकडे 'यू' केलं, पण देवाला प्रार्थनेत उद्देशताना मात्र 'दाऊ' राखलं. मूळ ग्रंथांत नसलेला भेद तिथे तयार झाला: माणसाला साधा शब्द, देवाला खास शब्द. मग लोकांना 'दाऊ' म्हणजे भक्तिभाव असं वाटलं तर नवल काय. १९८० सालच्या 'स्टार वॉर्स'मधल्या चित्रपटात डार्थ व्हेडर गुडघ्यावर बसून सम्राटाला विचारतो, "व्हॉट इज दाय बिडिंग, माय मास्टर?" शेक्सपिअरच्या काळात एखाद्या सेवकानं राजाला हे 'दाय' ऐकवलं असतं तर त्याची खैर नव्हती.

क्वेकर पंथाच्या लोकांनी या शब्दापायी खरोखरच मार खाल्ला. सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्सनं हा पंथ उभा केला. त्याचं म्हणणं असं, की देवापुढे सगळी माणसं सारखी, तर एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं आणि खुशामत करणं. म्हणून गरीब असो, श्रीमंत असो, न्यायाधीश असो, सगळ्यांना 'दाऊ' आणि 'दी'. शिवाय कुणापुढेही डोक्यावरची टोपी काढायची नाही. फॉक्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी १६६० मध्ये एक जाडजूड पुस्तकच काढलं, ज्यात कितीतरी भाषांमधली एकवचन-अनेकवचनाची रूपं देऊन एकट्या माणसाला 'यू' म्हणणं व्याकरणदृष्ट्या चूक आहे हे दाखवलं होतं. व्याकरण हे समतेचं शस्त्र म्हणून वापरल्याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण ते घरात चालवणं सोपं नव्हतं. टॉमस एलवुड नावाचा तरुण (हाच पुढे आंधळ्या कवी मिल्टनला वाचून दाखवायचा) क्वेकर झाला आणि आपल्या वडिलांना 'दाऊ' म्हणायला लागला. त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की बापानं त्याला दात घशात घालीन म्हणून धमकावलं. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात मुलानं बापाला भर बैठकीत "तू काय सांगतोस" म्हटलं असतं तर काय झालं असतं, एवढं मनात आणा. धर्म, अहंकार, प्रेम, सगळं एका सर्वनामात अडकलेलं होतं.

एवढं करूनही शब्द वाचला नाही. १७०० च्या आसपास लंडनच्या शिष्ट बोलण्यातून 'दाऊ' जवळजवळ गेलेलं होतं. कारण साधं आहे. शहर वाढलं, व्यापारी वर पैशानं चढले, समोरचा माणूस आपल्या वरचा की खालचा हे कपड्यांवरून कळेना. अशा वेळी चुकून 'दाऊ' म्हटलं तर अपमान, चुकून 'यू' म्हटलं तर काहीच नुकसान नाही. म्हणून सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले. पुण्या-मुंबईत अनोळखी माणसाशी बोलताना आपणही दुकानातल्या पोऱ्याला आता 'तुम्ही' म्हणतो, ती वाट तीच आहे. फक्त इंग्रजी त्या वाटेनं शेवटापर्यंत गेली आणि परतीचा रस्ता बुजला. तिला घरातलं 'तू' उरलं नाही.

आणि 'यू' एक की अनेक हेही कळेनासं झालं. अठराव्या शतकात लोकांनी आपापली तोड काढली: एकट्याला 'यू वॉज', अनेकांना 'यू वेअर'. चांगली सोय होती. रॉबर्ट लोथनं १७६२ च्या आपल्या व्याकरणात 'यू वॉज'ला घोर चूक ठरवलं आणि शाळांनी ती सोय मोडली. त्यानंतर अनेकवचनाची भोकं बुजवायला अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', आयर्लंडकडे 'यूज', आणि सगळीकडे 'यू गाइज' असे ठिगळाचे शब्द आले.

गावाकडे मात्र तो अजून जिवंत आहे. यॉर्कशरमध्ये 'दा' आणि 'दी' म्हणून, शेटलंड बेटांवर 'दू' म्हणून. यॉर्कशरमध्ये आगाऊ पोराला सुनावायचं वाक्य आहे, त्याचा भावार्थ असा: मला 'दा' करू नकोस, जे तुला 'दा' करतात त्यांना तू 'दा' कर. म्हणजे तुझ्या बरोबरीच्यांत जा, अरे-तुरे तिथे.

तुम्हाला भारतातलं एक उदाहरण देते, कारण ते तुमच्या कानात आधीच आहे. रवींद्रनाथांनी १९१२ मध्ये 'गीतांजली' स्वतः इंग्रजीत आणली, तिची पहिली ओळ "दाऊ हॅस्ट मेड मी एन्डलेस, सच इज दाय प्लेझर" अशी आहे. मूळ बंगालीत तिथे 'तुमि' आणि 'तव' आहे. हा 'तव' तुम्ही शाळेत रोज सकाळी म्हटलाय, "तव शुभ नामे जागे, तव शुभ आशिष मागे". राष्ट्रगीताचा रवींद्रनाथांनी केलेला इंग्रजी अनुवादही 'दाऊ आर्ट'नंच सुरू होतो. तव म्हणजे दाय. मराठी कवितेतही आपण 'तव' लिहितो आणि बाजारात 'तुझा' म्हणतो. 'दाऊ'ची आजची गत ही 'तव'सारखी झाली आहे: अर्थ एकेरी, पण वेष सणासुदीचा. म्हणून विसाव्या शतकातल्या मजकुरात 'दाऊ' दिसलं तर तिथे 'तव'चा सूर असू शकतो, पण १६०० सालच्या नाटकात दिसलं तर तिथे निखळ 'तू' आहे. भाषांतराआधी साल बघायची सवय लावून घ्या.

आणखी दोन चुका टाळा. एक, 'यी ओल्ड शॉप' अशा जुन्या ढंगाच्या पाट्यांवरचा 'यी' हा तुम्ही-वाचक नाही. 'थ'साठी जुन्या इंग्रजीत 'थॉर्न' नावाचं अक्षर होतं, ते लिहिता लिहिता 'वाय'सारखं दिसू लागलं, छापखानेवाल्यांनी त्याजागी 'वाय'चाच खिळा लावला. ते मुळात 'द' आहे. दोन, एखादा विनोदी प्रवेश जुन्या इंग्रजीत लिहायचा म्हणून 'आय गोएथ', 'दाऊ लव्हेथ' असं वाटेल तिथे 'एथ' लावतात, ते 'मी जातोस' म्हणण्यासारखं आहे. 'एथ' तो-तीसाठी, 'एस्ट' तूसाठी, मी-ला काही नाही.

आता तुमचा प्रवेश. सुरुवातीच्या चार ओळींतच सगळं आहे. आई म्हणते, "हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड." वडील म्हणजे इथे सावत्र वडील, राजा क्लॉडियस. हॅम्लेट उत्तर देतो, "मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड." शब्द जवळजवळ तेच, पण आईनं 'तू' म्हटलं, मुलानं 'तुम्ही'. इंग्रजी घरात मुलानं आईला 'यू' म्हणणं त्या काळी रीतीचंच होतं, पण आईच्या उबदार 'दाऊ'वर लगेच आदळलेलं ते 'यू' गार पडतं. मराठीत ते जास्तच गार पडेल, कारण आपल्याकडे आईला 'तुम्ही' म्हणत नाहीत. मी हे असं लिहीन:

"हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांचा फार अपमान केलायस."

"आईसाहेब, माझ्या वडिलांचा फार अपमान तुम्ही केलाय."

यानंतर आई चिडते आणि तीही 'यू'वर जाते. "कम, कम, यू आन्सर विथ ॲन आयडल टंग." चिडलेली आई मुलाला 'तुम्ही' करते! हे आपल्या घरात रोज घडतं. दहा वाजता उठलेल्या मुलाला आई म्हणते, "उठलात का साहेब?" तो आदर नसतो. तेव्हा इथे "पुरे! फार शहाणपणानं बोलायला लागलात तुम्ही" असं काहीतरी येऊ द्या. मग ती विचारते, मला विसरलात का, तेही 'यू'नंच. हॅम्लेट म्हणतो, नाही, तुम्ही राणी आहात, तुमच्या नवऱ्याच्या भावाच्या बायको आहात, आणि नसतात तर बरं झालं असतं, पण माझ्या आईही आहात. सलग तुम्ही, तुम्ही, तुम्ही. इथे नटाला घाई करू देऊ नका.

आणि मग तो तिला धरून बसवतो, ती घाबरते, आणि एका क्षणात 'यू' गळून पडतं. "व्हॉट विल्ट दाऊ डू? दाऊ विल्ट नॉट मर्डर मी?" काय करणार आहेस तू? मला मारणार नाहीस ना रे? तो 'रे' मी मुद्दाम घातलाय. राणीपण, राग, दरबारी ऐट, सगळं जाऊन आई उरल्याचा आवाज मराठीत त्या 'रे'मध्ये येतो. तुमच्या संहितेत या जागी "आपण माझा वध तर करणार नाही ना" आहे. ती ओळ आजच बदला.

पडद्यामागचा पोलोनियस मरतो तेव्हाही कान उघडे ठेवा. जिवंत असताना हॅम्लेट त्या म्हाताऱ्या मंत्र्याची टर उडवायचा ती 'यू' म्हणत. मेल्यावर त्याला म्हणतो, "दाऊ रेचेड, रॅश, इंट्रूडिंग फूल, फेअरवेल." प्रेताला 'तू'. त्यात तुच्छता आहे, आणि मला दर वेळी थोडी कीवही ऐकू येते. "येतो रे, मूर्खा" म्हणून बघा तालमीत.

तुमचा 'आपण' पूर्ण टाकून देऊ नका, त्याची एक जागा आहे. प्रवेशाच्या मध्यावर बापाचं भूत येतं. भूत मुलाशी 'दाय'नं बोलतं, तुझा संकल्प बोथट झालाय त्याला धार लावायला आलोय, असं. हॅम्लेट त्याला 'यू' म्हणतो: आपल्या रेंगाळणाऱ्या मुलाला दटावायला आलात ना आपण? इतका वेळ आईवर चाबकासारखं ओढलेलं 'यू' इथे पहिल्यांदा खऱ्या आदरानं आणि भीतीनं येतं. इथे 'आपण' ठेवा. आईला भूत दिसत नाही, ती मुलाला शून्यात बोलताना बघते आणि पुन्हा 'यू'वर जाते, तुम्हाला काय होतंय, हवेशी काय बोलताय. हे 'यू' रागाचं नाही, परक्याचं आहे. मराठीत आई अशा वेळी 'तुम्ही' म्हणणार नाही. तिथे मी 'तू'च ठेवीन, पण 'रे' काढून टाकीन.